पोलिसांमुळे गुन्हा टळतो का?

हर्सूल म्हटले की छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) माणसाला दोन गोष्टी आठवतात, तलाव आणि जेल. तिथल्या मध्यवर्ती कारागृहावरून शाळेत येणाऱ्या एखाद्या मुलाने समजा विचारले, "सर, एवढी माणसे आत आहेत, मग पोलिसांचा उपयोग काय झाला?" तर हा प्रश्न उद्धट समजून त्याला खाली बसवू नये. भिंतीआड असतात ती घडलेल्या गुन्ह्यांतील माणसे. पोलिसांमुळे जो खून झालाच नाही, त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. न घडलेली गोष्ट मोजायची कशी?

सोपा वाटणारा मार्ग फसवा आहे. जास्त पोलीस असलेल्या भागात गुन्हे कमी आहेत का, हे पाहू गेल्यास पुष्कळदा उलटेच दिसते. कारण जिथे मारामाऱ्या जास्त, तिथेच बंदोबस्त वाढवतात. छत्र्या जास्त दिसतात त्या दिवशी पाऊसही जास्त असतो. पण छत्र्यांमुळे पाऊस पडत नाही.

म्हणून प्रयोग हवा. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये शहराच्या एका भागातील 15 बीटांचे तीन गट केले. पाच बीटांत नेहमीची गस्त, पाचांत दुप्पट-तिप्पट, तर उरलेल्या पाचांत गस्तच नाही. बोलावले तरच पोलीस येणार. वर्षाअखेर गुन्ह्यांत म्हणावा असा फरक आढळला नाही. गंमत म्हणजे गस्त बदलल्याचे रहिवाशांच्या फारसे लक्षातही आले नव्हते!

मग पोलीस निरुपयोगी? तसेही नाही. 1988-89 मध्ये मिनिआपोलिस शहरात गुन्ह्यांच्या सर्वाधिक तक्रारी येणारी 110 ठिकाणे निवडली आणि त्यांतल्या 55 ठिकाणी गस्त वाढवली. तिथल्या तक्रारी इतर 55 ठिकाणांच्या तुलनेत थोड्या, पण निश्चित कमी झाल्या. गस्त सगळीकडे पातळ पसरण्याऐवजी नेमक्या जागी दिली की परिणाम दिसतो. मात्र या तक्रारी सगळ्या हिंसेच्या नव्हत्या. आपल्याकडे खुनाच्या कारणांत भांडणतंटे वर्षानुवर्षे अग्रभागी आहेत. बांधावरून किंवा घरात धुमसणारे वैर रस्त्यावरून जाणाऱ्या जीपला कसे दिसणार?

इथे भिवंडीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. यंत्रमागांच्या या गावात 1970 आणि 1984 साली भीषण दंगली झाल्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही समाजांतली साधी माणसे पोलिसांसोबत नियमित बसू लागली. पाणी, गटार, शेजाऱ्यांची कुरबूर असे विषय निघत. वरकरणी हे पोलिसांचे काम नव्हेच! पण अफवा उठली तर कोणाला विचारायचे, हे लोकांना आधीच ठाऊक झाले, आणि पोलिसालाही माणसे चेहऱ्याने कळू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सरकारी आकड्यांनुसार सुमारे 900 माणसे मेली. जवळच असलेली भिवंडी शांत राहिली.

हा पुरावा भक्कम म्हणावा का? माझ्या मते तो मोलाचा आहे, पण अपुरा आहे. ही तुलना एकाच गावाची आहे. चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नाही. शिवाय याच भिवंडीत जुलै 2006 मध्ये कबरस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा उसळली. गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांना ठार केले. शांतता एकदा मिळवली की कायमची राहते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ही विचारपद्धती वर्गात करून पाहता येईल. मधल्या सुट्टीत मारामाऱ्या कुठे होतात, ते मुलांना शाळेच्या नकाशावर टिपू द्या. मग त्यांतल्या निम्म्या जागा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि दोन आठवडे फक्त तिथे शिक्षकांनी उभे राहावे. नोंद मात्र सर्व जागांची हवी, आणि ती त्या शिक्षकांनी ठेवू नये. समोर उभ्या असलेल्याला जास्त भांडणे दिसतात, म्हणून वहीत ती वाढल्यासारखी वाटतात. पोलीस ठाण्याच्या आकड्यांचेही असेच होते: चौकी जवळ आली की तक्रारी वाढतात, मग गुन्हे वाढले असोत वा नसोत.