मिठाचा पुडा किती दिवस पुरतो?

‘बीपी वाढलंय. मीठ कमी करा, वजन उतरवा.’ गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर मिळणारा आहाराचा सल्ला बहुतेकदा एवढाच असतो. तो चुकीचा नाही, पण कमी म्हणजे किती आणि कशातलं, हे त्यात कुठेच नसतं. मग घरी आमटीतलं मीठ चिमूटभर कमी होतं आणि ताटाच्या डाव्या बाजूचं लोणचं, पापड, ठेचा जागच्या जागी राहतो.

मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. काट्यावर तोलून आमटीत मीठ कुणीच घालत नाही, म्हणून मला उलटा हिशेब जास्त उपयोगी वाटतो. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा निदान 50 दिवस पुरला पाहिजे. बाहेरून खारी, पाव, फरसाण, वेफर्स येत असतील तर त्याहूनही जास्त, कारण ते मीठ या पुड्यात मोजलेलंच नाही. ‘काकू, पुडा किती दिवस जातो?’ एवढा एक प्रश्न विचारला तरी घराचं निम्मं चित्र समोर येतं.

काही सोडियम चवीला खारट लागतही नाही. पापडातला पापडखार, ढोकळ्यातला सोडा त्यातलाच. उपवासाचं शेंदेलोण चालतं, हा समज तर घरोघरी आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, म्हणजे वजनाच्या बाजूनंही एकादशी आणि दुप्पट खाशी.

पण नुसतं मिठाच्या मागे लागणंही अपुरं आहे. 1997 साली अमेरिकेत ‘डॅश’ आहाराचा प्रयोग प्रसिद्ध झाला. भाज्या, फळं, कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर, साय-लोण्यासारखी चरबी कमी. मीठ सगळ्या गटांना सारखंच दिलं, वजनही मुद्दाम स्थिर ठेवलं. तरी उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साध्या अमेरिकी जेवणाच्या तुलनेत सरासरी 11 अंकांनी उतरला, आणि बहुतेक फरक दोन आठवड्यांत दिसला. आपल्याकडे हेच काम पालेभाज्या, मोडाची मटकी आणि बिनमिठाचं ताक करू शकेल, असं मला वाटतं.

त्या प्रयोगात जेवण तयार मिळत होतं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं शिजवायचं तेव्हा काय होतं? त्यासाठी 2003 चा ‘प्रीमियर’ अभ्यास बघावा. 810 माणसं, बहुतेक सगळी वाजवीपेक्षा जास्त वजनाची, रक्तदाब चढता. सुरुवातीला त्यांच्यातल्या शंभरातल्या 38 जणांना उच्च रक्तदाब होता. एका गटाला एकदाच बसवून सल्ला दिला. बाकी दोन गटांना सहा महिने पुन्हा पुन्हा बोलावलं. खाल्लेलं लिहून काढायचं, वजन बघायचं, व्यायाम करायचा, अडलं तर विचारायचं. एका गटाला शिवाय डॅश आहारही शिकवला. सहा महिन्यांनी सल्लेवाल्यांत ते प्रमाण 26 वर आलं, शिकवलेल्यांत 17 वर, डॅशसह शिकवलेल्यांत 12 वर.

हा फरक पुन्हा पुन्हा भेटण्याचा आहे असं मी मानतो. आणि आपल्याकडे भेटीची सोय आयती आहे, कारण गोळ्या न्यायला माणूस दर महिन्याला येतोच. त्याच रांगेत दहा मिनिटं कुणी बसून काल काय खाल्लं ते विचारावं. शक्य असेल तर घरात जे कुणी स्वयंपाक करतं त्यालाही बोलवावं. बीपी एकाचं आणि मिठाचा डबा दुसऱ्याच्या हातात, असं असेल तर सल्ला दवाखान्याच्या दारातच विरतो. बीपी घरच्या बाईलाच असेल तर ती स्वतःपुरतं अळणी वेगळं काढते, आणि चार दिवसांत कंटाळते. त्यापेक्षा सगळ्या घराचं मीठ थोडं थोडं उतरवावं. काही आठवड्यांत जिभेला तीच चव पुरते. तोवर लिंबू, आमसूल, लसूण, कोथिंबीर हाताशी असावी.

बाजारात कमी सोडियमचं मीठही मिळतं. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. बऱ्याच जणांना ते उपयोगी ठरतं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये. आणि आकडा उतरला म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नये. डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.