कुंडीतला निवडुंग आधी ओळखा

शिवनेरीच्या कड्यावर, कातळाच्या फटीत शिंदळ माकुडी उगवते. एप्रिल-मे महिन्यांत ती पाहिली तर कुणीही मेली म्हणेल. पानं झडलेली, उरतात त्या नुसत्या सुरकुतलेल्या मांसल काड्या. पाऊस लागला की त्याच काड्यांना पानं फुटतात आणि पावसाळा उतरताना गडद तांबडी, पिवळ्या नक्षीची चांदणीसारखी फुलं येतात. त्या फुलांना दुर्गंध असतो, कारण त्यांचं परागीकरण माश्या करतात. ही वनस्पती महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या कुठेही आढळत नाही.

तिचं शास्त्रीय वर्णन निकोल डाल्झेल यांनी १८६०च्या दशकात केलं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव दिलं. त्याआधी, १८६१ साली, त्यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. गिब्सन म्हणजे जुन्नरजवळच्या हिवऱ्याची औषधी वनस्पतींची सरकारी बाग सांभाळणारे गृहस्थ. या तालुक्याला वनस्पती ओळखण्याची एवढी जुनी परंपरा आहे. म्हणूनच घरात मरणपंथाला लागलेल्या कुंडीकडेही त्याच नजरेनं पाहावं असं मला मनापासून वाटतं. (कड्यावरची माकुडी मात्र कुणी उपटू नये. ती फांदीपासून सहज वाढते, त्यामुळे रोपवाटिकेत वाढवलेलंच रोप घ्यावं.)

ही माकुडी खिडकीत असती, तर उन्हाळ्यात आपण तिला एकतर फेकून दिलं असतं, नाहीतर रोज पाणी घालून कुजवलं असतं. बहुतेक घरांत असंच घडतं. झाड कुठलं, त्याचा विश्रांतीचा काळ कोणता, हे न विचारता आपण आधी तांब्या उचलतो.

ओळखीची सुरुवात काट्यांपासून करा. खऱ्या कॅक्टसला काटे एका छोट्या लोकरी ठिपक्यातून, गुच्छानं येतात. तो ठिपका दिसला की झाडाचं मूळ घर अमेरिका खंडात आहे हे नक्की. आपल्या माळावरचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला. काटे जोडीजोडीनं असतील आणि खरचटताच पांढरा चीक आला, तर ते युफोर्बिया, म्हणजे कुंपणाच्या साबर-शेराचं भावंड. हा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते. छाटणी करताना हातमोजे घालाच. कोरफड आणि हावर्थिया एका कुळातल्या. पण हावर्थिया दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या सावलीत वाढते, म्हणून तिला गच्चीवरचं ऊन सोसत नाही. नाताळच्या सुमाराला फुलणारा सपाट कांड्यांचा कॅक्टस तर ब्राझीलच्या जंगलात झाडांवर राहतो. त्याला वाळवंटातला समजून कोरडा ठेवला की तो सुकतो.

रोपवाटिकेतला लाल-पिवळा गोळा म्हणजे दोन झाडांचं कलम. वरच्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्याचं अन्न खालचं हिरवं खोड बनवतं. हे खोड बहुधा ड्रॅगनफ्रूटच्या जातकुळीतलं असतं. ते कुजलं, तर गोळा नुसता मातीत लावून जगत नाही. ताज्या खोडावर पुन्हा कलम करावं लागतं.

ओळख पटली की खोड बोटानं दाबून पाहा. सुरकुतलेलं पण घट्ट लागलं तर झाड तहानलेलं आहे. बुडाशी मऊ, पाणचट, तपकिरी लागलं तर मुळं कुजली आहेत, आणि इथे पाणी म्हणजे विष. झाड कुंडीतून काढा, माती झटका, काळी पडलेली मुळं आणि बूड स्वच्छ सुरीनं कापत जा. कापलेल्या भागात एकही तपकिरी ठिपका दिसेनासा झाला की थांबा. मग ते सावलीत, वाऱ्याला नुसतं ठेवून द्या. जखम कोरडी होऊन तिच्यावर घट्ट पापुद्रा धरायला बारीक फांदीला काही दिवस, जाड खोडाला दोन-तीन आठवडेही लागतात. घाई केली की बुरशी शिरते. माती म्हणून आपल्याकडचा चाळलेला मुरूम, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे. कुंडीला भोक हवंच. विकतच्या कुंडीत वरचे खडे डिंकानं चिकटवलेले असतील तर ते आधी फोडून काढा.

अंधाऱ्या कोपऱ्यात राहून शेंडा लांब, फिकट आणि बारीक झाला असेल, तर तेवढा भाग पुन्हा जाड होत नाही. उजेड वाढवला की पुढची वाढ सुधारते, पण एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका. साल भाजते आणि तो डाग कायम राहतो. आधी सकाळचं कोवळं ऊन, मग हळूहळू जास्त.

पाण्याचं वेळापत्रक गावागणिक बदलतं. भीमाशंकरच्या बाजूला पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे धुकं असतं, तिथे घरातल्या कॅक्टसला त्या काळात जवळजवळ पाणी लागतच नाही. मंचर किंवा आळेफाट्याच्या कोरड्या हवेत तीच कुंडी लवकर वाळते. म्हणून वार ठरवू नका. काडी तळापर्यंत खुपसून पाहा, कोरडी निघाली तरच भरपूर पाणी द्या. थंडीत हात आखडता घ्या. ही झाडं बहुधा रात्री रंध्रं उघडून हवा घेतात आणि दिवसा ती मिटून पाणी राखतात, त्यामुळे त्यांचा खर्चच कमी असतो.

शेवटचा शत्रू नारायणगावच्या द्राक्ष बागायतदारांना चांगला माहीत आहे: पिठ्या ढेकूण. त्याचीच दूरची नातलग असलेली कोचिनील कीड १७९५ मध्ये लाल रंगासाठी ब्राझीलहून भारतात आणली गेली. जात चुकीची निघाली आणि रंग हलका मिळाला, पण तिनं फड्या निवडुंगाची एक जात मोठ्या भागातून नाहीशी केली. घरातल्या कुंडीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर स्पिरिटात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं एकेक पुसून काढा आणि आठवड्यानं पुन्हा पाहा, कारण अंडी मागे राहतात. मुळांवर तशीच पांढरी पूड असेल तर जुनी माती टाकून द्या, मुळं धुऊन वाळवा आणि ती कुंडी उकळत्या पाण्यानं धुतल्याशिवाय तिच्यात दुसरं झाड लावू नका.