फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये बर्फ का साचतो?

दोन दरवाजांच्या फ्रीजमध्ये वर बर्फाचा थर आणि खाली ठेवलेले दूध मात्र नासलेले, असे दिसले की ‘गॅस गेला असेल’ हा पहिला तर्क निघतो. तो अनेकदा चुकतो. गॅस कमी झाला तर कॉईलवर बर्फ कमी जमतो. इथे तो जास्त जमलेला असतो. असा बर्फ म्हणजे डीफ्रॉस्ट यंत्रणा, अर्थात गोठलेले दव ठरावीक वेळाने वितळवणारी व्यवस्था, बंद पडल्याची खूण. गॅस भरण्याचे पैसे देण्याआधी बर्फ कुठे आणि कसा जमला आहे ते पाहिले, तर मोठा खर्च वाचतो.

एका दरवाजाच्या साध्या फ्रीजमध्ये बर्फ डोळ्यांसमोर जमतो आणि मधले बटण दाबून घरचे लोकच तो वितळवतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंड कॉईल सहसा फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते. फॅन तिच्यावरून हवा ओढून ती वर-खाली दोन्ही कप्प्यांत पाठवतो. हवेतली वाफ कॉईलच्या पातळ पत्र्यांवर गोठते. टायमरच्या फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर साधारण ८ ते १२ तास चालला, की टायमर तो थांबवून कॉईलखालचा हीटर सुरू करतो. नव्या फ्रीजमध्ये हे काम सेन्सर आणि बोर्ड करतात. वितळलेले पाणी नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते आणि तिथल्या उष्णतेने वाफ होऊन जाते. हीटर लागला नाही, तर कॉईल बर्फाने बुजते, हवेची वाट बंद होते आणि आधी खालचा कप्पा गरम होतो. कॉम्प्रेसर मात्र न थांबता चालत राहतो आणि वीजबिल वाढते.

हिंगोली जिल्ह्यातले हवामान या दोषाचे रूप बदलते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो, पण हवा कोरडी असते. पावसाळ्यात दरवाजा उघडताच दमट हवा आत शिरते, त्यामुळे उन्हाळ्यात लपलेला दोष जुलै-ऑगस्टमध्ये लवकर उघडा पडतो. विजेचाही संबंध येतो. औंढा, सेनगाव किंवा कळमनुरीकडच्या एखाद्या गावात वीज तासन्‌तास गेली, तर तेवढ्यात कॉईलवरचा थोडा बर्फ आपोआप वितळतो. मग फ्रीज काही दिवस ठीक चालतो आणि वीज सलग राहू लागली की पुन्हा तीच तक्रार येते.

तपासणीची सुरुवात बर्फापासूनच करावी. बर्फ दरवाजाच्या कडेला जमत असेल, तर दोष रबराचा असण्याची शक्यता जास्त. कागदाची पट्टी दरवाजात धरून ओढावी. ती सहज निघाली तर तिथले रबर सैल आहे. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर पांढरा थर दिसत असेल किंवा फॅन बर्फाला घासून खरखर करत असेल, तर संशय डीफ्रॉस्टवर जातो. मेकॅनिकने पॅनेल काढल्यावर संपूर्ण कॉईल एकसारखी बर्फाने भरलेली दिसली, तर डीफ्रॉस्ट बिघडले आहे. सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ असून बाकी कॉईल कोरडी असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता आहे. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल आणि थंडावा ठीक असेल, तर बहुधा फक्त पाण्याची नळी तुंबलेली असते. कोमट पाणी सोडून ती मोकळी होते.

घरच्या घरी करण्याजोगी खात्रीची चाचणी एकच. प्लग काढून, सामान हलवून, दोन्ही दरवाजे २४ तास उघडे ठेवावेत आणि खाली फडकी अंथरावीत. नंतर फ्रीज पूर्ववत गार झाला आणि काही दिवसांत पुन्हा तसाच बिघडला, तर दोष डीफ्रॉस्टचाच समजावा. बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो आणि कॉईलला भोक पडले तर धोका होतो.

पुढचे काम मल्टिमीटरचे, आणि तेही प्लग काढूनच. हीटर आधी तपासावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १५० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे ३५० ओहम येतो. काहीच वाचन आले नाही तर तो जळालेला आहे. थर्मल फ्यूजमध्ये कंटिन्युइटी कायम मिळायला हवी. तो एकदा उडाला की बदलावाच लागतो. बायमेटल, म्हणजे कॉईल गरम झाल्यावर हीटर बंद करणारा स्विच, याच्या बाबतीत फसगत होते. तो थंडीत जोडला जातो आणि गरम झाल्यावर तुटतो, त्यामुळे खोलीच्या तापमानाला मीटर ‘ओपन’ दाखवतो आणि चांगला भाग टाकून दिला जातो. बर्फ-मिठाच्या मिश्रणात तो गारठवून मगच मोजावा. टायमरची चाचणी मात्र वीज चालू असतानाच होते: त्याचा स्क्रू हळूहळू फिरवल्यावर ‘टक’ आवाज होऊन कॉम्प्रेसर थांबला आणि हीटर लागला, तर हीटरचा मार्ग शाबूत आहे; मग टायमरची मोटर अडकली असण्याचा संशय घ्यावा. बोर्डाच्या फ्रीजमध्ये स्क्रू नसतो. तिथे सेन्सरचा रोध तापमानाबरोबर बदलतो का ते पाहून मगच बोर्डाकडे वळावे.

नवा भाग मिळेपर्यंत बायमेटल किंवा फ्यूज काढून तारा ‘डायरेक्ट’ जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. हीटर वेळेत बंद झाला नाही, तर आतले प्लास्टिक वितळते आणि आग लागू शकते. फ्यूज उडाल्याचे आढळले, तर तो का उडाला हेही शोधावे. बायमेटल चिकटलेला असेल तर नवा फ्यूजही जाईल. भाग बदलल्यावर मेकॅनिककडून एक डीफ्रॉस्ट फेरी समोर पूर्ण करून घ्यावी: हीटर लागला, बर्फ वितळला, पाणी खालच्या ट्रेत आले आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला, या चारही गोष्टी दिसल्या म्हणजे दुरुस्ती झाली.