शहपुऱ्यापर्यंत न पोचलेले सिनेमे

‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे हे पाच मराठी चित्रपट. यातला एकही मला माझ्या गावाजवळच्या थिएटरात बघायला मिळाला नाही. शहपुरा हे जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. भोवताली मटारची शेतं, रेल्वेचं स्टेशन भिटोनी, आणि बोलणं-चालणं सगळं हिंदीत.

तरीही या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १७९८ ते १८१७ जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होतं. पुढे मध्य प्रांतात आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होती. राज्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचना झाली आणि नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. नातेवाईक, लग्नं, दिवाळी अंक येत-जात राहिले. सिनेमा मात्र आला नाही. मराठी चित्रपटाला महाराष्ट्रातच पडदा मिळवताना धाप लागते, तर राज्याबाहेरच्या तालुक्यात वितरक कशाला पाठवणार? हिंदी मुलखातल्या मराठी माणसाने हे सिनेमे दुर्लक्षिले असं कुणी म्हणालं, की मला वाईट वाटतं. न दिसलेल्या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

थोडीफार सोय दूरदर्शनने केली होती. १९८२च्या आशियाई खेळांच्या सुमारास आणि त्यानंतर प्रक्षेपण केंद्रं गावोगाव पसरली, आणि रविवारी दुपारी राष्ट्रीय वाहिनीवर प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट लागू लागले. आठवड्याला एक सिनेमा, तोही सगळ्या भाषांमधून. मराठीची पाळी येईपर्यंत महिने जात.

आता फोन टीव्हीला जोडला की काम होतं. सुमित्रा भावे यांचा ‘दिठी’ मे २०२१मध्ये थेट ओटीटीवर आला. भावे त्याच्या महिनाभर आधी, १९ एप्रिलला गेल्या होत्या. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा हा सिनेमा शहपुऱ्यात आणि पुण्यात एकाच दिवशी पोचला. मराठी सिनेमाच्या बाबतीत असं आमच्या वाट्याला नुकतंच येऊ लागलं होतं.

पण दोन दिवसांची सुट्टी आणि समोर सगळंच उपलब्ध असलं, की माणूस निवडण्यातच संध्याकाळ घालवतो. माझा अनुभव असा, की एकमेकांशी बोलणारे सिनेमे लागोपाठ पाहावेत. उमेश कुलकर्णींचा ‘विहीर’ घ्या. २०१०मध्ये तो बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. समीर आणि नचिकेत हे दोघे नात्याने भाऊ. नचिकेतला सगळ्यांपासून दूर निघून जायचंय. तो जातो, आणि मागे उरलेला समीर त्याला शोधत राहतो. नचिकेत झालाय आलोक राजवाडे. दुसऱ्या दिवशी ‘कासव’ लावा. तिथे तोच आलोक जगण्याला विटलेला तरुण म्हणून भेटतो, आणि यावेळी कोकणच्या किनाऱ्यावर इरावती हर्षेची जानकी त्याला काही न विचारता घरात ठेवून घेते. दिग्दर्शक वेगळे, गोष्टी वेगळ्या. पण लागोपाठ पाहताना मला वाटलं, की ‘विहीर’मध्ये हातातून सुटलेला मुलगा ‘कासव’मध्ये कुणाला तरी सापडला. थिएटरात वर्षांच्या अंतराने पाहणाऱ्याला हे जाणवलं असेल असं वाटत नाही. उशिरा पाहणाऱ्याच्या पदरात पडलेलं हे दान आहे.

आमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी घरचे सगळे मटार सोलायला बसतात. त्या कामासोबत कुलकर्णींचाच हलकाफुलका ‘वळू’ छान जमतो. ‘विहीर’ नाही जमत. त्यात पाण्याचा, पानांचा, लांबून येणाऱ्या हाकेचा आवाज गोष्टीइतकाच महत्त्वाचा आहे. दिवे मालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आमच्या मराठी घरांतला आणखी एक पेच म्हणजे हिंदीभाषक सुना, जावई आणि शेजारी. सबटायटल बहुधा इंग्रजीत असतात, ती सगळ्यांना वाचता येत नाहीत. अशा वेळी जुनी द्विभाषिक चाल कामी येते. प्रभात फिल्म कंपनीने १९३७चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ म्हणून, तर १९३९चा ‘माणूस’ ‘आदमी’ म्हणून काढला. जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’चा हिंदी ‘सुबह’ही आहे. स्मिता पाटील दोन्हीकडे तीच.

‘स्थळ’ मात्र मराठीतच ऐकावा. जयंत सोमलकरांचा हा सिनेमा २०२३मध्ये टोरांटो महोत्सवात गाजला. चंद्रपूरकडच्या खेड्यात मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम, एकामागून एक. ती बोली आमच्या कानाला पुण्याच्या मराठीपेक्षा जवळची. सुरुवातीच्या प्रसंगात बायका मिळून मुलाला प्रश्न विचारतात, आणि खोलीतल्या प्रत्येक बाईला आपली पाळी आठवते. निखिल महाजनांची ‘गोदावरी’ नर्मदाकाठच्या माणसाने नक्की पाहावी. नदीवर चिडलेला, तरी तिच्यापासून न सुटणारा निशिकांत जितेंद्र जोशींनी फार खोल उभा केलाय.

रविवारची रात्र मी ‘एक होता विदूषक’साठी राखून ठेवतो. १९९२, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, दिग्दर्शन जब्बार पटेल, आणि नायक लक्ष्मीकांत बेर्डे. तमाशातला सोंगाड्या सिनेमाचा नट होतो, मग राजकारण्यांच्या हातात सापडतो. तेव्हा प्रेक्षक लक्ष्मीकांतच्या धमाल सिनेमांना सरावलेले होते. या सिनेमाला त्यांनी तशी गर्दी केली नाही. आज त्या अपेक्षेचं ओझं उरलेलं नाही. नव्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी त्यांचे बाकीचे सिनेमे पाहिलेलेच नाहीत, म्हणून ती या आबुरावकडे सरळ नट म्हणून पाहतात. मोठ्यांना वाटतं, आता हसवेल. मुलं हसण्याची वाट न पाहताच गोष्टीत शिरतात. आमच्या घरात या सिनेमानंतर झालेली चर्चा इतर कुठल्याही सिनेमापेक्षा जास्त लांबली, आणि ती सुरू केली सर्वांत धाकट्याने.