लाकडी विमानाची घोडी

सुटीचे दिवस लागले, की खेड्यातील घरांच्या ओसरीवर मुलांचा एक लहानसा कारखाना आपोआप सुरू होतो. कोणी काडेपेट्यांची आगगाडी जुळवितो, कोणी मातीचे बैल करतो आणि एखादा उद्योगी मुलगा हलक्या लाकडाचे विमान कोरावयास बसतो. पंख तयार होतात, शेपटी बसते, नाकावरचा पंखाही फिरू लागतो. वडील कौतुकाने पाहतात, आई रंगासाठी पैसे काढून देते. आणि मग सारे श्रम सफळ होण्याच्या अगदी उंबरठ्यावर घात होतो. एका हातात कुंचला आणि दुसऱ्या हातात विमान! वरची बाजू रंगवून झाली, तर आता ते धरावे कोठे? खाली ठेवावे, तर पोटाला रद्दीचा कागद चिकटतो. हातात धरावे, तर पंखावर अंगठ्याचा ठसा उमटतो. मुलगा रडकुंडीला येतो आणि आठ दिवसांचे काम माळ्यावर जाऊन पडते.

यात दोष मुलाचा नाही आणि रंगाचाही नाही. उणीव आहे ती एका साध्या साधनाची. काम करताना लाकूड ज्या आधारावर टेकवितात, त्याला सुतार घोडी म्हणतात. तशीच एक छोटी घोडी विमानासाठी केली, तर हात मोकळे राहतात, रंग बिघडत नाही आणि मुलाचा उत्साहही टिकतो. ती घरच्या घरी कशी करावी, हेच आज सांगावयाचे आहे.

परंतु त्याआधी आपल्याच मुलुखातील एका थोर कलेकडे पाहिले पाहिजे. आदिलाबादहून हैदराबादच्या वाटेने सुमारे ८० किलोमीटर गेले, की निर्मल लागते. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि निर्मल स्वतंत्र झाले. तरी तेथील खेळण्यांचा अभिमान साऱ्या मुलुखाला आहे. नक्काश म्हणून ओळखली जाणारी कारागीर घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडाची फळे, पक्षी आणि प्राणी करीत आली आहेत. १९५५ साली या कारागिरांची सहकारी संस्थाही स्थापन झाली. त्यांचे लाकूड म्हणजे रानात वाढणारी पोनिकी. ते वजनाला हलके आणि कोरावयास मऊ असते. आंध्रातील कोंडापल्लीची प्रसिद्ध खेळणीही याच लाकडाची होत.

निर्मलच्या खेळण्यावरील रंग खऱ्या फळासारखा का दिसतो? कारण तेथे रंग ही शेवटची पायरी असते, पहिली नव्हे. निरनिराळे भाग आधी कोरून जोडतात. चिंचोक्याच्या खळीत लाकडाचा भुसा कालवून त्याची लांबी सांध्यांत आणि खळग्यांत भरतात. ती वाळली, घासून गुळगुळीत झाली, की वर पांढऱ्या मातीचा हात देतात आणि त्यानंतरच कुंचला उचलतात. म्हणजे पाहणाऱ्याला जो रंग दिसतो, त्याच्याखाली न दिसणारे कष्ट दडलेले असतात. आज पोनिकीचे झाड रानात दुर्मिळ झाले आहे आणि लाकूड मिळविताना कारागिरांची ओढाताण होते. म्हणून मुलांच्या विमानासाठी कोणी हिरव्या पोनिकीला कुऱ्हाड लावू नये. वाळलेली सावर किंवा पांगारा यांचे लाकूड या कामास उत्तम. सावंतवाडीची लाकडी फळे पांगाऱ्याचीच करीत आले आहेत. परदेशी मुले बाल्सा नावाचे दक्षिण अमेरिकेतील हलके लाकूड वापरतात. मुलांनी त्या लाकडाला केवळ खेळण्याचे समजू नये. १९४० साली प्रथम उडालेल्या इंग्रजांच्या मॉस्किटो या लढाऊ विमानाची काया बर्च झाडाच्या पातळ फळ्यांमध्ये बाल्साचा थर भरूनच केलेली होती.

आता घोडीकडे वळू. समजा, विमान १० इंच लांब आहे आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२ इंच भरते. त्यासाठी १८ इंच लांब व ८ इंच रुंद अशी एक जड फळी तळाला घ्यावी. सागवानाचा टाकाऊ तुकडा मिळाला तर फारच चांगले, कारण तळ जड असला की घोडी कलंडत नाही. या फळीवर १ इंच जाड, २ इंच रुंद आणि ९ इंच उंच असे दोन खांब समोरासमोर उभे करावेत. दोहोंमध्ये १४ इंच मोकळी जागा ठेवावी. खांब खालून खिळ्यांनी पक्के करून आतल्या कोनात सरस लावून एकेक तिकोनी तुकडा बसवावा, म्हणजे ते डुलत नाहीत.

खांबाची उंची ठरविताना बहुतेकांची चूक होते. विमान घोडीवर गोल फिरवावयाचे असते, म्हणून त्याचा एक पंख केव्हातरी थेट खाली येणार. पंख ६ इंचांचा असेल आणि खांब ५ इंचांचा असेल, तर ओला पंख फळीवर आपटलाच म्हणून समजावे. म्हणून एका पंखाची लांबी मोजून तीत ३ इंच मिळवावेत आणि तेवढी खांबाची उंची धरावी. विमान मोठे असेल, तर घोडीही त्याच हिशेबाने वाढवावी.

विमान खांबांवर तोलावयाचे ते सायकलच्या जुन्या स्पोकवर. एकाच स्पोकचे दोन तुकडे पुरतात, एक ६ इंचांचा आणि दुसरा ५ इंचांचा. मोठा तुकडा विमानाच्या नाकात, जेथे पुढे पंखा बसणार त्या भोकात, १ इंच आत घालावा. धाकटा तुकडा शेपटीच्या टोकात तितकाच खोल घालावा. दोन्ही भोके एका सरळ रेषेत आली पाहिजेत. नाही तर विमान फिरताना लंगडते. याला एक सोपी युक्ती आहे. विमान कोरण्यापूर्वी, लाकडाचा ठोकळा चौकोनी असतानाच, त्याच्या दोन्ही टोकांवर मध्यबिंदू काढून गिरमिटाने भोके पाडून घ्यावीत. कोरून झाल्यावर मध्य शोधणे फार कठीण जाते.

प्रत्येक खांबाच्या माथ्यावर स्पोकच्या निम्म्या जाडीइतकी उथळ खाच पाडावी आणि तीत स्पोक आडवा ठेवावा. सायकलच्या फाटक्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून तिचे एक टोक खांबाच्या एका कडेस ठोकावे. पट्टी स्पोकवरून ताणून आणावी आणि दुसऱ्या कडेच्या खिळ्यात अडकवावी. ही रबरी पट्टी स्पोकला खाचेत दाबून धरते. त्यामुळे विमान फिरविले तरच फिरते, सोडले की जागच्या जागी थांबते. पुढच्या स्पोकचे बाहेर आलेले टोक पकडीने काटकोनात वाकविले, की त्याची मूठ होते. आता डाव्या हाताने मूठ फिरवावी आणि उजव्या हाताने रंगवावे. विमानाला बोटही लावावयास नको.

रंग देताना थोडा धीर धरावा. प्रथम लाकूड काचकागदाने घासून पांढरा हात द्यावा. हलके लाकूड पहिला रंग पिऊन टाकते. म्हणून हा पाया आवश्यक आहे. तो वाळला, की पुन्हा हलकेच घासावे. मग पोटाची बाजू आधी रंगवावी, पाठीची नंतर; फिके रंग आधी, गडद नंतर. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर द्यावेत, म्हणजे रंग ओघळत नाही. विमानाच्या अंगाभोवती गोल पट्टा हवा असेल, तर हात न हलविता कुंचला एका जागी टेकवावा आणि मूठ सावकाश फिरवावी. पट्टा आपोआप सरळ उमटतो. काम सुरू करण्यापूर्वी अंगणात सडा घालावा, म्हणजे धूळ उडत नाही. आणि वाळत ठेवताना घोडीवर मोठी टोपली पालथी घालावी. हिवाळ्यात आपल्याकडे थंडी कडक पडते, तेव्हा रंगास वाळावयास अधिक वेळ लागतो. तरी उतावळे होऊन चुलीजवळ नेऊ नये. तैलरंग आणि ते पातळ करण्याचे द्रव भडकन पेट घेतात. रंग निवडतानाही डब्यावरील मजकूर वाचावा. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्या देशात घरगुती रंगांत दशलक्ष भागांमागे ९० भागांहून अधिक शिसे असू नये, असा नियम लागू झाला आहे. घरात पडून राहिलेला जुना डबा म्हणूनच या कामास वापरू नये.

शेवटी स्पोक काढून घ्यावेत. नाकाच्या भोकात पंखा बसतो. शेपटीचे भोक निर्मलच्या कारागिराप्रमाणे चिंचोक्याची खळ आणि भुसा यांनी बुजवून वर रंगाचा एक ठिपका द्यावा. मग हे विमान कशावर उभे करून रंगविले, याचा मागमूसही उरत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप एका खेळण्यासाठी? त्यांच्यासाठी एक खरी हकिगत सांगतो. १८७८ साली अमेरिकेत मिल्टन राइट नावाचे एक प्रॉटेस्टंट बिशप प्रवासाहून घरी परतले. त्यांनी आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी एक उडते खेळणे आणले होते. बूच, बांबू, कागद आणि पिळलेला रबर, एवढेच त्याचे भांडवल. मोठा विल्बर ११ वर्षांचा, धाकटा ऑर्व्हिल ७ वर्षांचा. खेळणे लवकरच मोडले. तेव्हा मुलांनी तसेच दुसरे आपल्या हाताने केले. त्याहून मोठे करून पाहिले, तर ते उडेना. का उडत नाही, हा प्रश्न मात्र त्यांच्या मनात राहिला. २५ वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, याच भावांनी स्प्रूसचे लाकूड व मलमल यांचे विमान केले आणि ते १२ सेकंद हवेत राहून १२० फूट गेले. माणूस यंत्राच्या बळावर उडाला!

आपल्या ओसरीवरील प्रत्येक मुलगा राइट होणार नाही, आणि व्हावा असेही नाही. परंतु आरंभिलेले काम शेवटास नेण्याची सवय ज्याला लहानपणी लागली, तो पुढे नांगर धरो की लेखणी, त्याच्या हातचे काम अर्धवट राहत नाही. ही सवय केवळ उपदेशाने लागत नाही. वडिलांनी एक संध्याकाळ मुलाजवळ बसून खांब तासावे लागतात, आणि आईने ‘पसारा आवर’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावे लागते. मुलीलाही या कामात वाटा द्यावा, कारण हाताचे कौशल्य मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाही.

विमान हाताने घट्ट धरले, तर ठसा उमटतो. सोडून दिले, तर ते पडते. घोडी मात्र पुढे कोणास दिसणार नाही अशा दोन ठिकाणी त्याला आधार देते, आणि काम झाले की बाजूला होते. मायबापांनी पाल्याला आधार द्यावा, तो असाच.

या सुटीत आपल्या माळ्यावर एखादे अर्धे रंगविलेले विमान पडले असेल, तर ते खाली काढावे. जुना स्पोक कोठे आहे, हे मुलालाच विचारावे. त्याला बहुधा ठाऊक असेल.