वळणाआधीची चतकोर
(लेखमाला : चाकांची गोष्ट, लेखांक ९)

मागच्या आठवड्यात नगरच्या तारकपूरहून पुण्याला जायला गाडी केली. आली ती इटिऑस. पांढरी, पिवळ्या पाटीची, पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. सुपं मागे पडल्यावर ड्रायव्हरदादांना म्हटलं, "याच गाडीवर पुण्याच्या एका बाईंनी राष्ट्रीय रेसिंगचं अजिंक्यपद मिळवलंय." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. थट्टा चाललीय का, असा तो चेहरा.

थट्टा नव्हती. डायना पुंडोले यांनी ऑगस्ट 2024 मध्ये राष्ट्रीय कार रेसिंग अजिंक्यपद स्पर्धेतला सलून गट जिंकला. (सलून म्हणजे केस कापायचं नव्हे, डिकीवाली साधी घरगुती गाडी.) चारचाकीचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या गटात बायकांची शर्यत वेगळी नसते, पुरुषांच्याच रांगेत उभं राहावं लागतं. दोन मुलांच्या आई असलेल्या पुंडोले या खेळात आल्या 2018 मध्ये, एका टायर कंपनीने महिला चालकांसाठी घेतलेल्या निवड कार्यक्रमातून. म्हणजे सहा वर्षांत अजिंक्यपद.

मला या विजयात गटच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इथे सगळ्यांना एकाच बनावटीची गाडी मिळते, टायरही तेच. रस्त्यावरच्या इटिऑसचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन 90 अश्वशक्तीच्या आसपास. शर्यतीसाठी आतल्या गाद्या निघतात, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसतो. पण बाजूचाही त्याच घोड्यावर असतो. ‘तिची गाडी भारी होती’ म्हणायची सोय नाही.

मग फरक पडतो कुठे? वळणावर. ही शर्यत झाली तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुमारे 3.7 किलोमीटरचा, त्यात 12 वळणं. टायरची रस्त्यावरची पकड ही एक भाकरी समजा. ब्रेक तीन चतकोर खाऊन बसला, तर वळायला एकच उरते. नवखा चालक वळणात शिरल्यावरही ब्रेक दाबून धरतो आणि वर स्टिअरिंग फिरवतो. मागणी भाकरीपेक्षा जास्त होते आणि गाडी सरळ बाहेर घसरते. तयारीचा चालक मोठा ब्रेक सरळ रेषेत मारतो आणि पाय हळूहळू सोडत गाडी वळवतो. ब्रेकने सोडलेला घास वळण खातं. मग वळणाच्या आतल्या कडेला चाटून जायचं आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा ॲक्सिलरेटर. तेही ऑगस्टच्या चेन्नईत, अंगात आगरोधक सूट, गाडीला एसी नाही, आणि आरशात पाठीमागचा भिडलेला.

हे घरी बसून येत नाही, ट्रॅकवर तास घालवावे लागतात आणि तिथे प्रत्येक तासाला पैसे लागतात. आपल्या नगरला व्हीआरडीई या लष्करी वाहन-संशोधन संस्थेचे चाचणी ट्रॅक आहेत. पण ते वाहनं तपासायला, माणसं घडवायला नव्हेत. बैलगाडा शर्यतीला घाट मिळतो, गाडीवाल्या पोरीला मात्र थेट चेन्नई गाठावी लागते. मुलींना हे जमत नाही म्हणणाऱ्यांनी आधी या प्रवासाचा हिशेब मांडावा.

जगातही चित्र फार निराळं नाही. फॉर्म्युला वन अजिंक्यपदात गुण मिळवणारी आजवरची एकमेव महिला म्हणजे इटलीची लेला लोम्बार्डी. 1975 मध्ये बार्सिलोनात ती सहावी आली. अपघातामुळे शर्यत अर्ध्यावर थांबवली, म्हणून गुणही अर्धे दिले. तिच्या वाट्याला आला अर्धा गुण.

पुंडोले पुढे फेरारीपर्यंत पोहोचल्या. आखाती देशांतल्या फेरारी मालिकेत त्या उतरणार, ही बातमी 2025 च्या नोव्हेंबरात आली. गाडी 296 चॅलेंज, ताकद 700 अश्वशक्ती. इटिऑसच्या जवळजवळ आठपट. भाकरीचं गणित तिथेही तेच, फक्त घास मोठा होतो आणि चुकायला वेळ कमी.

हे सगळं मी दादांना शिरूर येईपर्यंत सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. घोडनदीचा पूल ओलांडल्यावर स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले, "पण रेसला ही ॲव्हरेज किती देत असेल हो?"