विश्लेषण : समुद्री पक्ष्याचे घरटे शोधायला जंगलात का जावे लागते?

अन्न समुद्रात आणि पिल्लू जंगलातल्या झाडावर, असा ‘मार्बल्ड मरलेट’ या पक्ष्याचा संसार. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅलिफोर्निया या राज्यांत तो १९९२ पासून संकटग्रस्त यादीत आहे. तो कुठल्या जंगलात वीण करतो, यावर तिथली वृक्षतोड अवलंबून असते. म्हणूनच हा शोध महत्त्वाचा.

घरटे सापडत का नाही?

कारण हा पक्षी घरटे बांधतच नाही. शेकडो वर्षांच्या डग्लस फर किंवा रेडवूड वृक्षाच्या जाड, आडव्या फांदीवरील शेवाळात मादी एकच अंडे घालते. नर आणि मादी २४-२४ तासांच्या पाळीने ते उबवतात. पाळी बदलते ती बहुधा पहाटेच्या अंधुक उजेडात. ही जागा समुद्रापासून ८० किलोमीटरपर्यंत आत असू शकते. पक्षी अठराव्या शतकापासून ठाऊक असूनही उत्तर अमेरिकेत झाडावरचे पहिले घरटे सापडले ते १९७४ मध्ये. कॅलिफोर्नियातील बिग बेसिन उद्यानात, सुमारे ४५ मीटर उंचीवर.

अभ्यास कसा होतो?

निरीक्षक सूर्योदयापूर्वी जंगलात उभे राहून पक्ष्यांचे आवाज टिपतात. पक्षी झाडांच्या शेंड्यांखालून उडाला, तर तिथे वीण होत असावी असे मानले जाते. समुद्रातून येणारे पक्षी रडारवर मोजतात. काही पक्षी रात्री बोटीतून पकडून त्यांना रेडिओ टॅग लावतात आणि विमानातून माग काढतात.

काय समजले?

ओरेगॉनमध्ये संशोधकांनी जंगलात या पक्ष्यांचे आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकवले. तिथे पक्ष्यांची ये-जा वाढली. म्हणजे जागा निवडताना ते आपल्या जातभाईंचा कानोसा घेतात. एका ठिकाणची वसाहत गेली, की इतरांसाठीची खूणही जाते. शिवाय तोडीमुळे उघड्या पडलेल्या कडांवर कावळ्याच्या कुळातील पक्षी वाढतात आणि अंडी, पिल्ले खातात. सहलीला आलेल्यांनी टाकलेले खरकटेही त्यांना ओढून आणते.

निर्णय अवघड का?

एखाद्या पहाटे पक्षी दिसला नाही, म्हणून जंगल रिकामे ठरत नाही. त्यामुळे एकाच जागेची पाहणी दोन वर्षे, अनेक फेऱ्यांत केली जाते. चुकून तोड झाली, तर नवी रोपे लावता येतात. पण अंडे पेलणारी शेवाळाची जाड फांदी तयार व्हायला शतकाहून अधिक काळ लागू शकतो.